दवाखान्याचा जमाखर्च कोणीं वाचावा?

आमच्या वर्गणीदारांपैकीं एका कुंभार गृहस्थांचें पत्र मागील महिन्यांत आमच्याकडे आलें. अक्षर मोडकें, मजकूर मात्र सरळ. सुनेस रात्रीं कळा लागल्या. फुकट गाडीसाठीं फोन केला तर गाडी नादुरुस्त आहे असें उत्तर मिळालें. शेजाऱ्याची जीप ८०० रुपये ठरवून तिला आरोग्य केंद्रांत नेली. तेथें इंजेक्शन व सलाईन बाहेरून आणावयास सांगितलें, त्याचे ६४० गेले. पहाटे मुलगा झाला, तेव्हां आनंदाचे म्हणून ५०० रुपये हात पुढें करून मागून घेतले. एकूण १,९४० रुपये. आवा लावण्याच्या सरपणासाठीं बाजूस ठेवलेले. सून व नातू सुखरूप आहेत असें लिहून गृहस्थ शेवटीं विचारतात, ‘पैशाचें राहूं द्या, पण आम्हीं हें सांगावें तरी कोणाला?’

हें पत्र वाचून आम्हांस राग आला. पैसे घेणाऱ्याचा आला तो आलाच. पण ‘पैशाचें राहूं द्या’ या चार अक्षरांचा त्याहून अधिक आला. कां राहूं द्या? २०११ सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम देशभर लागू आहे. त्यांत सरकारी दवाखान्यांतील बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त, बाळंतिणीचें जेवण, घरून दवाखान्यांत नेणारी व परत आणून सोडणारी गाडी, हें सारें फुकट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांतून केसपेपरासही पैसा घ्यावयाचा नाहीं असा सरकारचा हुकूम आहे. म्हणजे या १,९४० रुपयांतील एक रुपयाही न्यायाचा नव्हता. रस्त्यांत कोणी खिसा कापला तर आपण बोंब मारतों. दवाखान्यांत कापला तर ‘पोर सुखरूप आहे ना, मग जाऊं द्या’ म्हणून त्यालाच नमस्कार करून घरीं येतों!

आम्हीं उलट टपालीं या गृहस्थांस एवढेंच कळविलें कीं, मंत्र्याकडे अर्ज करूं नका, आमच्या पत्रांतही छापूं नका. अगोदर ग्रामपंचायतींत जा व ‘गांव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती’ची सभासदांची यादी मागा. ते गेले. पहिल्या खेपेस ग्रामसेवक बैठकीस गेलेले. दुसऱ्या खेपेस दप्तराची किल्ली सांपडेना. तिसऱ्या खेपेस यादी हातीं आली. तींत १५ नांवें. सातवें नांव वाचून गृहस्थ ओट्यावरच बसले. तें त्यांच्या आईचें होतें!

म्हातारीस विचारलें. ती म्हणाली, ‘अंगणवाडींत बोलावलं व्हतं एकदा, सही कर म्हणाले, केली. मला वाटलं रेशनचं असंल.’

वाचकहो, ‘कोणाला सांगावें’ या प्रश्नाचें उत्तर ज्या घरांतून प्रश्न आला त्याच घरांत चुलीपाशीं बसलें होतें, आणि तें त्याचें त्यालाच ठाऊक नव्हतें.

आमच्या आज्यापणज्यांच्या काळीं घरीं भटजी येत, कळत नाहीं अशा भाषेंत कांहीं पुटपुटत, ‘मम म्हणा’ म्हणत. आम्ही ‘मम’ म्हणत असूं. पळीभर तीर्थ पीत असूं व दक्षणा मोजून देत असूं. कशाचा संकल्प सोडला हें विचारण्याची छाती नव्हती. ती भिक्षुकी घरांतून काढतां काढतां आमच्या वडिलांची हाडें झिजलीं. आणि आज? आज ‘अनटाइड निधि’, ‘आराखडा’, ‘इतिवृत्त’, ‘उपयोगिता प्रमाणपत्र’ असे मंत्र म्हटले जातात, आम्ही अंगठ्यास शाई लावून पुन्हा ‘मम’ म्हणतों. पोथीच्या जागीं फाईल आली एवढाच फरक. आणि हा नवा भिक्षुक कोणत्या जातीचा म्हणून विचाराल, तर सांगावयास लाज वाटते. पुष्कळ गांवीं तो आमच्याच भावकीचा आहे. कोणी सरपंच आहे, कोणी ठेकेदार आहे, कोणी पुढाऱ्याचा मेहुणा आहे. भटाच्या नांवानें बोटें मोडण्यांत आमचा जन्म गेला. पण आपल्यांतल्याच माणसानें तेंच सोवळें नेसलें कीं आमचे डोळे मिटतात.

कोणी म्हणेल, ही समित्यांची कल्पना नवी आहे, लोकांस कळावयास वेळ लागेल. नवी कसली? देश स्वतंत्र होण्यापूर्वीं, १९४६ सालीं, भोर समितीनें आपल्या अहवालांत लिहून ठेवलें आहे कीं गांवोगांव ५ ते ७ जणांची आरोग्य समिती असावी, कारण लोकांनीं हात लावल्याशिवाय दवाखाना चालत नाहीं. तिचे इतर पुष्कळ सल्ले दप्तरांत पडले तसा हाही पडला. पुढें राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती १९९३ सालीं अंमलांत आली. तिच्यासोबत अकरावें परिशिष्ट आलें व त्यांतील २९ विषयांत आरोग्य, दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रें, स्त्रिया व मुलें यांचें कल्याण, अपंगांचें कल्याण हे विषय पंचायतीकडे सोंपविण्याजोगे म्हणून लिहिले गेले. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें तेव्हां गांवच्या समितीस वर्षाला १०,००० रुपये, उपकेंद्रास १०,००० व प्राथमिक आरोग्य केंद्रास २५,००० रुपये असा, कोठें खर्चावा हें जागच्या जागीं ठरविण्याचा, निधि ठरला. आरोग्य केंद्रापाशीं रुग्ण कल्याण समिती आली. तिच्या जागीं आतां जन आरोग्य समिती आली आहे. २०२३ च्या अखेरीस तर या केंद्रांस ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असें नांव देण्यांत आलें. देवळांत पुजाऱ्यास जमाखर्च विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. दवाखान्याचें देऊळ करणाऱ्यांच्या मनांत तेंच नसेल अशी आशा आहे.

तात्पर्य, कायद्यानें जें द्यावयाचें तें बरेंचसें देऊन झालें आहे. रक्कम वेळेवर येत नाहीं, अपुरी पडते, ही तक्रार खरी आहे व ती आपण केलीच पाहिजे. पण जी रक्कम आली तिचें काय झालें हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें अधिक मागितली तर सरकार हंसेल नाहीं तर काय करील? आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. आणि दळणाऱ्यास जात्यापाशीं आपणच बसविलें आहे.

आतां शहाणे लोक पुढें येतील व म्हणतील, ‘डाक्टरीतलें तुम्हां कुणब्या-कुंभारांस काय कळतें?’ कबूल, कोणत्या तापास कोणती गोळी हें आम्हांस कळत नाहीं. मडकें कसें घडवावें हें गिऱ्हाईकही कुंभारास शिकवीत नाहीं. पण गळकें मडकें परत आणून त्याच्या ओट्यावर ठेवण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क कोणा कुंभारानें आजवर नाकारला आहे काय? दवाखान्याचें दार किती वाजतां उघडलें, डाक्टर मुक्कामी होता कीं नव्हता, साप चावल्यावरची लस कपाटांत होती कीं तालुक्याला पाठविलें, नर्सबाई आमच्या वस्तीवर महिन्यांतून किती वेळां आली, पैसे कोणीं मागितले, हें सांगावयास कोणती विद्या लागते? हें आमच्याशिवाय दुसऱ्या कोणासच सांगतां येणार नाहीं. पुण्या-मुंबईच्या साहेबास गाडींतून उतरल्यावर रंगविलेली भिंत दिसते. त्या भिंतीआड रात्रीं दोन वाजतां काय होतें तें अडलेल्या बाईच्या सासूला दिसतें.

आणि हें नुसतें बोलणें नव्हे, आपल्या महाराष्ट्रांत करून पाहिलेलें आहे. २००७ सालीं अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणें व ठाणें या पांच जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख’ म्हणून काम सुरू झालें. गांवच्या लोकांनीं एकत्र बसून एकेका सेवेस हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग द्यावयाचा. अक्षर न येणाऱ्या बाईलाही तांबडें व हिरवें कळतें. तो तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर लावावयाचा. मग जनसुनवाई. एका मांडवांत एकीकडे गांवकरी, समोर आरोग्य अधिकारी, आणि ज्याच्यावर गुदरलें तो उभा राहून सांगणार, ज्याचें काम त्यानें तेथल्या तेथें उत्तर द्यावयाचें. २००८ च्या पहिल्या फेरींत शंभरांपैकीं ४८ सेवांस लोकांनीं ‘चांगली’ म्हटलें होतें. २००९ च्या तिसऱ्या फेरींत तो आंकडा ६६ वर गेला. त्या वर्षा-दीड वर्षांत डाक्टर बदलून देवदूत आले नव्हते. माणसें बहुतेक तींच, इमारती त्याच. समोर विचारणारा बसला आहे एवढीच नवी गोष्ट होती. पण हें काम सरकारनें साऱ्या महाराष्ट्राच्या सर्व गांवीं कधींच नेलें नाहीं. कां नेलें नाहीं, याचें उत्तर तिसऱ्या खेपेस सांपडलेल्या त्या दप्तराच्या किल्लीस विचारावें.

विचारणें म्हणजे नुसतें चुका काढणें, असा मात्र कोणीं समज करूं नये. गडचिरोलीस डाक्टर बंग पतिपत्नींनीं दवाखाना काढण्यापूर्वीं आदिवासी लोकांस विचारलें. ते म्हणाले, तुमच्या मोठमोठ्या इस्पितळांचें आम्हांस भय वाटतें. आमच्या घरांसारखीं घरें असूं द्या, आमच्या देवीचें नांव असूं द्या. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गांवासारखा उभा राहिला व त्याचें नांव मां दंतेश्वरी असें पडलें. दवाखाना कसा असावा हें रोग्यानें सांगितलें आणि डाक्टरानें ऐकलें, तर आभाळ कोसळलें नाहीं. उलट जे येत नव्हते ते येऊं लागले. जामखेडास आरोळे पतिपत्नी १९७० सालीं गेले, तेव्हां लोकांनीं औषधाच्या आधीं पाणी मागितलें. तेथेंही लोकांचें ऐकलें गेलें, आणि ऐकतांना डोळे उघडे ठेवून ऐकलें गेलें. पाण्याचे पंप बसवावयाचे तर ते दलितांच्या वस्तींत बसवा असा बेत झाला, म्हणजे पाणी पाहिजे असेल त्यानें तेथें यावें. पुढें गांवोगांव ज्या आरोग्यसेविका तयार झाल्या त्यांत अक्षरशत्रु बाया होत्या, दलित बाया होत्या, आणि त्यांनीं बाळंतपणें केलीं, मुलें वांचविलीं.

हें जामखेडचें उदाहरण आम्हीं मुद्दाम दिलें, कारण येथून पुढचें बोलणें आमच्याच लोकांस झोंबणार आहे. तुमच्या गांवच्या समितीची यादी काढाल तेव्हां तींत गांवठाणांतलीं नांवें किती व ओढ्यापलीकडचीं किती हें मोजून पाहा. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें निम्म्या जागा तरी बायांच्या असावयास पाहिजेत, मागासलेल्या वस्त्यांचीं माणसें असावयास पाहिजेत. महारवाडा, मांगवाडा, पारध्यांचीं पालें, धनगरांचा वाडा, ऊसतोडीला गेलेल्यांचीं घरें यांच्याकडे आशाताई जाते काय, लस पोंचते काय, हें त्या समितींत कोण विचारतो? आम्ही ब्राह्मणेतर म्हणून ज्या पंक्तीभेदाविरुद्ध ओरडलों, तोच भेद आमच्या हातीं पळी आल्यावर आम्ही वाढूं लागलों तर आमच्या ओरडण्याची किंमत किती? ज्या गांवच्या समितींत गांवाच्या शेवटच्या घरची बाई नाहीं, त्या गांवाचा तक्ता हिरवा असला तरी आम्ही तो खरा मानणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यावरचा राग आशाताईवर व अंगणवाडीच्या बाईवर काढण्याची आपल्याकडे वाईट संवय आहे. ती समोर असते, गरीब असते, गांवचीच सून असते, म्हणून तिला बोलणें सोपें. औषधाची खरेदी ती करीत नाहीं, डाक्टरची जागा रिकामी ती ठेवीत नाहीं. महाराष्ट्रांत अशा सुमारें ७० हजार आशा आहेत. त्यांस पगार नाहीं, कामागणिक मोबदला मिळतो. २०२१ च्या जूनमध्यें, करोनाच्या ऐन दिवसांत घरोघर फिरून झाल्यावर, त्यांस संप करावा लागला. त्यांच्या मोर्च्यांत किती गांवचे पुरुष गेले? ज्यांच्या पोरांस त्यांनीं डोस पाजले त्यांपैकीं किती जणांनीं तालुक्यास एक अर्ज तरी केला? दवाखाना आपला म्हणावयाचा असेल तर त्यांतले राबणारे हातही आपलेच म्हणावे लागतील.

निराधारांचेंही असेंच आहे. विधवा, म्हातारे, अपंग यांची पगारी यादी तालुक्यास ठरते. खरी निराधार म्हातारी दरसाल हयातीचा दाखला देण्यासाठीं, आपण अजून मेलों नाहीं हें पटविण्यासाठीं, एस्टीच्या पायऱ्या चढते. आणि तिच्याच गांवचा दोन विहिरींचा मालक निराधार म्हणून बिनबोभाट पैसे उचलतो. ही यादी ग्रामसभेंत मोठ्यानें वाचा म्हणून एकानें उठून सांगितलें, तर खरा कोण व खोटा कोण हें सांगावयास चौकशी अधिकारी लागणार नाहीं. सबंध गांव जाणतें. बोलत नाहीं एवढेंच.

तर बोलावें कसें? वर्षांतून निदान चार ग्रामसभा घेणें कायद्यानें बंधनकारक आहे, व प्रत्येक ग्रामसभेपूर्वीं बायांची निराळी सभा झालीच पाहिजे. आरोग्याचा प्रश्न आधीं त्या सभेंत मांडावा. तेथें चुलता-सासरा समोर नसतो, बाया मोकळ्या बोलतात, आणि तेथें ठरलेलें मुख्य सभेपुढें येतें. ग्रामसभेस मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांपैकीं जो आंकडा कमी असेल तेवढीं हजर लागतात. लग्नाच्या पंगतीला पांचशें जेवतात. शंभर माणूस सभेला मिळत नाहीं हें आम्ही कसें खरें मानावें? तेथें भाषण करूं नये. समितीचें बँकेचें पासबुक वाचा, एवढें एकच म्हणावें व वाचून होईपर्यंत बसून राहावें. वाचणाऱ्याची जीभ कोठें अडखळते तिकडे लक्ष ठेवावें. ठराव वहींत लिहिला गेला कीं नाहीं हें उठण्यापूर्वीं पाहावें. वही दाखवीत नाहींत, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्यास १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यास तेही माफ, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावें लागतें. आणि एकट्यानें जाऊं नये. एकटा गेला तर तो भांडखोर ठरतो. दहा बाया गेल्या तर ती गांवची तक्रार होते.

आमच्या त्या कुंभार गृहस्थांचें पुढें काय झालें हें वाचक विचारतील. म्हातारी बायांच्या सभेस गेली, सोबत सुतारणीस व दोन मांगवाड्यांतल्या बायांस घेऊन. पासबुक वाचा म्हणाली. निघालें तें असें: ६,००० रुपयांचा फलक व रंगकाम, ३,५०० ची जंतुनाशक पूड, बाकी किरकोळ. फलक सर्वांनीं पाहिला होता. पूड कोणींच पाहिली नव्हती. सरपंचांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता असें पत्रांत आहे. दुसऱ्या दिवशीं आनंदाचे ५०० रुपये एका पोराच्या हातीं बिनबोभाट परत आले. जीपचे ८०० व औषधाचे ६४० अजून आले नाहींत. त्यांचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोंच घेऊन दिला आहे. इंजेक्शन केंद्रांत अजूनही नाहीं. पूड कोठें गेली याचें उत्तर पुढील सभेंत द्यावयाचें ठरलें आहे, आणि म्हातारीनें सांगून टाकलें आहे कीं शाळेंत जाणारी नात कागद वाचून दाखवील तेव्हांच ती सही करील.

आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवच्या समितीची यादी, व गेल्या वर्षीच्या पासबुकाची नक्कल, आमच्याकडे पाठवावी. ज्या गांवची येईल ती पुढील अंकापासून जशीच्या तशी छापूं. यादी मिळालीच नाहीं, तर किती खेपा घातल्या व काय सांगून परत पाठविलें तेवढें लिहावें, तेंही छापूं.